यू टर्न घेताना गाडी आडवी जायला बघते? क्रूझर आणि स्पोर्ट टूररचं दुखणं एक नाही

तक्रार दरवेळी तीच असते, फक्त गाडी बदलते. हायवेला मस्त चालते, सोलापुरातनं निघून बाळे सोडलं की मोहोळ कधी आलं कळत नाही, पण गावात शिरलं, डिव्हायडरच्या फटीतून वळायचं म्हटलं किंवा नवी पेठेत दोन स्कूटरच्या मधून गाडी काढायची म्हटली की हँडल आत पडतं, गाडी एका अंगावर येते, पाय खाली जातो, कधी इंजिन बंद पडतं तर कधी एकदम उसळी मारतं. मागं बसलेला दोस्त असतोच बोलायला, "काय बे, पाय कशाला टाकलालास सारखा?" आणि मग सगळ्यांचं निदान ठरलेलं, गाडी जड आहे राव.

वजनाचं आधी मिटवून टाकू. रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० साधारण १९१ किलो, बजाज डॉमिनार ४०० साधारण १९३. पहिली क्रूझर म्हणून विकली जाते, म्हणजे सीट खाली, हँडल रुंद, पाय पुढं. दुसरी स्पोर्ट्स टूरर म्हणून, म्हणजे लांबच्या प्रवासाचीच, पण सीट उंच आणि हँडल अरुंद. वरच्या गटात सुपर मिटिऑर ६५० घ्या, २४१ किलो, आणि कावासाकी निंजा १०००एसएक्स २३८च्या आसपास. दोन्ही जोड्यांत फरक दोन-तीन किलोचा, टँकमध्ये थोडं पेट्रोल कमीजास्त असलं की तेवढा फरक पडतोच. तरी चौकात चालवायला दोन्ही जातीच्या गाड्या अगदी वेगळ्या लागतात, आणि बिघडतात पण वेगळ्या तऱ्हेनं. म्हणून एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. क्रूझरवाल्यानं स्पोर्ट टूररवाल्याला सल्ला द्यायचा आणि त्यानं तसं करून गाडी पाडायची, असं आपल्याकडं सारखं चालतंय.

फरक येतो कुठून ते थोडक्यात सांगतो, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

पुढचं चाक धरणारा फोर्क किती तिरका आहे त्याला रेक म्हणतात आणि त्यावरून ट्रेल ठरतं, म्हणजे हँडलच्या दांड्याची रेष खाली ओढली तर ती जमिनीला जिथं टेकेल तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. एकाच कंपनीच्या दोन गाड्या बघा, कावासाकी व्हल्कन एसचा रेक ३१ अंश आणि ट्रेल १२० मिमी, निंजा १०००एसएक्सचा २४ अंश आणि ९८ मिमी. हळू स्पीडला हँडल वळवलं की गाडीचं तोंड किंचित खाली बसतं, म्हणजे गाडीचं स्वतःचंच वजन हँडलला आणखी आत ढकलतं. रेक-ट्रेल जास्त तेवढं हे ढकलणं जास्त. क्रूझरचं हँडल "आपोआप आत पडतं" वाटतं ते यामुळं, त्यात बिघाड काही नाही. हेच ट्रेल हायवेला गाडी सरळ धरून ठेवतं, तिथं त्याचं आपण कौतुक करतो. वर क्रूझरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, सहसा लांब, व्हल्कनचा १५७५ मिमी आणि निंजाचा १४४०, म्हणून तेवढ्याच हँडलला क्रूझर मोठा गोल घेते. पण नुसत्या नावावर जाऊ नका, मिटिऑर ३५० चा व्हीलबेस १४०० आहे आणि डॉमिनारचा १४५३, म्हणजे इथं क्रूझरच आखूड. आपल्या गाडीचे आकडे बघायचे.

दुसरं सीटचं. मिटिऑरचं सीट ७६५ मिमी, सुपर मिटिऑरचं ७४०, डॉमिनारचं ८००, निंजाचं त्याहून वर. सीट खाली असलं की थांबताना दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात आणि जिवात जीव येतो. पण गाडी चालू झाली, पाय फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर गेले, की सीटच्या उंचीचा आधार संपला. उलट लांब काठी तळहातावर उभी धरणं सोपं आणि आखूड पेन्सिल उभी धरणं अवघड, तसं उंच गाडी चालत्यात जरा सावकाश कलते, सावरायला वेळ देते, फक्त थांबल्यावर कलली तर धरता येत नाही. म्हणून बघा, क्रूझर बहुतेक वेळा वळणाच्या मधेच फसते आणि स्पोर्ट टूरर बहुतेक वेळा वळण संपवून थांबताना पडते.

आता निवारण. आधी गाडी तपासा, मग स्वतःला दोष द्या.

पहिला संशय टायरवर. आपल्याकडं पुण्याला जा नाहीतर हैदराबादला जा, चारपदरी सरळ रस्ता, तासनतास गाडी उभीच्या उभी चालते, त्यामुळं मागचा टायर मधोमध घासून सपाट होतो आणि कडा तशाच गोल राहतात. असा टायर सरळ चालताना काही सांगत नाही, पण गाडी जरा कलली की सपाट भागाच्या कडेवरून एकदम पलीकडं जाते आणि आपल्याला वाटतं गाडी पडली. टायरला नक्षी शिल्लक आहे म्हणून लोक बदलत नाहीत. मागं उकिडवं बसून टायरचा आकार बघा, वरून गोल दिसायला पाहिजे. पाटासारखा दिसला तर बाकीचं काही करायच्या आधी टायर बदला, निम्म्या लोकांची तक्रार तिथंच संपते असं माझं मत आहे.

मग हवा. हे तर खास सोलापूरचं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, बाहेर ४२-४३ डिग्री, विजापूर रोडवरनं तापलेल्या टायरवर पंपावर जायचं, मीटर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, हवावाला पोरगा जास्तीची हवा सोडून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार झाला की हवा कमी. पुढच्या टायरात हवा कमी असली की हँडल जड लागतं आणि वळताना आत ओढतं, आणि क्रूझरला तर आधीच आत पडायची सवय. हवा सकाळी गाडी काढल्या काढल्या, टायर गार असताना चेक करायची. घरात एक साधा प्रेशर गेज ठेवा. किती ठेवायची ते गाडीवरच्या स्टिकरवर असतं, डबल सीटचा आकडा वेगळा असतो तोही वाचा.

तिसरा कोनसेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ते. मेन स्टँड असला तर लावा, कुणाला तरी मागं दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्या. मधोमध आल्यावर खट्ट करून अडकल्यासारखं झालं तर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत, आपल्या रस्त्यांवर ते पडणारच, बदलावा लागतो. आणि उलट पण असतं, बरेच मेकॅनिक कोनसेट सैल झाला म्हणून इतका आवळतात की हँडल स्वतःहून बाजूला जातच नाही. मग हळू चालवताना गाडी डावी-उजवी नागमोडी जाते, सरळ राहायला तयार नसते आणि चालवणाऱ्याला वाटतं आपल्याला बॅलन्सच जमत नाही. सर्व्हिसिंग करून आणल्यापासून हे सुरू झालं असलं तर पहिलं हेच बघा.

क्लच केबल, रेसचा रिकामा खेळ, चेन, हे तिन्ही एकत्र धरा कारण तिघांचं लक्षण एकच, झटके. चेन फार सैल असली की रेस सोडली-दिली की खाट करून धक्का बसतो, हायवेला कळत नाही, चौकात कळतो. किती सैल पाहिजे ते मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर मिमीमध्ये दिलेलं असतं. रेसचा खेळ दोन-तीन मिमी ठीक, त्याहून जास्त असला की हात आधी रिकामा फिरतो आणि मग एकदम इंजिन पकडतं. क्लचचं, गरम इंजिनवर आणि गार इंजिनवर पकड बदलते हे लक्षात ठेवा, दुपारी सात रस्ता चौकाच्या गर्दीत अर्धा तास घासल्यावर केबल परत तपासून बघा.

हे सगळं ठीक असेल आणि तरी त्रास असेल तर आता मुद्द्याचं. हे मला कुठल्या व्हिडिओत कुणी सांगितलेलं दिसलं नाही.

हळू चालवायचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक अमेरिकेतले. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून त्यांचा यू टर्न डावीकडं. आपला यू टर्न उजवीकडं. आरशात उलटं बघायचं म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण गाडीवरच्या वस्तू उलट्या होत नाहीत. रेस उजव्या हातातच, मागचा ब्रेक उजव्या पायाखालीच, क्लच डाव्या हातातच. अमेरिकेतला माणूस डावीकडं वळताना गाडी कलली तर आतला म्हणजे डावा पाय टाकू शकतो आणि उजवा पाय ब्रेकवर तसाच राहतो. आपण उजवीकडं वळताना कलली की उजवा पाय टाकतो, म्हणजे मागचा ब्रेक सुटला, गाडी पुढं निघाली, घाबरून हात पुढच्या ब्रेकवर गेला, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी जागेवर आडवी. शहरात हळू स्पीडला पडलेल्या गाड्यांची गोष्ट विचारा, बहुतेक वेळा असंच घडलेलं असतं. म्हणून दोन्ही जातीच्या गाड्यांना पहिला नियम हा की उजवीकडं वळताना उजवा पाय ब्रेकवरून काढायचा नाही आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. ब्रेकवर दोन बोटं ठेवायची सवय असली तर वळायच्या आधी ती उचलून रेसच्या मुठीवर घ्या.

आता इथून पुढं दोन्ही गाड्यांचे रस्ते वेगळे.

क्रूझरचं हँडल रुंद आणि मागं ओढलेलं. उजवीकडं पूर्ण वळवलं की डावा हात लांब पुढं जातो, आणि डाव्या हातात क्लच. ज्या क्षणाला हाफ क्लच सगळ्यात जास्त लागतो त्याच क्षणाला बोटं क्लचच्या टोकावर, खांदा ताणलेला. मग क्लच एकतर पूर्ण सुटतो आणि गाडी उसळते, नाहीतर पूर्ण दाबला जातो आणि गाडीची ताकद जाते, आणि ताकद गेली की आत पडणारं हँडल आणखी आत पडतं. म्हणजे क्रूझरची भानगड क्लचच्या हातात आहे. इलाज असा की वळायच्या आधी पाठ सीटच्या टेकूवरून सोडवा, थोडं पुढं सरका, डावा खांदा हँडलबरोबर पुढं जाऊ द्या आणि कंबर जरा डावीकडं, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला टाका. गाडी आत कलते, आपण बाहेर. तरी हात पुरत नसला तर हँडलचा क्लॅम्प ढिला करून हँडल थोडं आपल्याकडं फिरवून घ्या, फक्त नंतर दोन्ही बाजूला पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना ते बघा, आणि गाडी चालू ठेवून बघा, वळवल्यावर आपोआप रेस वाढली तर केबल ओढली जातेय.

क्रूझरवर पाय पुढं असतात, म्हणून फूटपेगवर उभं राहून वजन हलवता येत नाही, कंबरेनंच करावं लागतं. मागच्या ब्रेकचं पेडल पण पुढं आणि बऱ्याचदा उंच, पाय उचलून दाबावं लागतं आणि मग हलका ब्रेक लागतच नाही, एकदम लागतो. पेडल खाली घेता येतं, टाच टेकवून नुसत्या चवड्यानं दाबता येईल असं बसवून घ्या. आणि फूटपेग रस्त्याला घासला, खर्रर आवाज आला, तर दचकून गाडी सरळ करू नका. पेग घडीचे असतात, वर होतात. दचकून सरळ केलेली गाडी समोरच्या डिव्हायडरवर जाते, ते जास्त महागात पडतं.

स्पोर्ट टूररची गोष्ट बरोबर उलटी. हँडल अरुंद, टाकीच्या जवळ, डाव्या हाताला काही त्रास नाही, क्लच मस्त पकडीत राहतो. उजवा हात मात्र आत येतो, कोपर पोटाशी, मनगट दुमडलेलं, अंगठा टाकी आणि हँडलच्या मधे, आणि त्याच हातात रेस. अशा मनगटानं एक मिलिमीटर रेस द्यायची म्हटली तरी तीन दिली जाते. त्यात ही इंजिनं वरच्या आरपीएमला खुलणारी, डॉमिनारचा ३५ न्यूटन मीटरचा टॉर्क (इंजिनचा जोर) साडेसहा-सात हजारांच्या आसपास येतो, मिटिऑरचा २७ न्यूटन मीटरचा चार हजारालाच. खालच्या आरपीएमला क्रूझरचं इंजिन चुका पोटात घालतं, हे घालत नाही, थोडं कमी झालं की खडखडतं आणि बंद. वरून अंगठा चेपायच्या भीतीनं आपण नकळत हँडल पूर्ण वळवतच नाही, म्हणून व्हीलबेस आखूड असला तरी गोल मोठा होतो. एकदा गाडी बंद ठेवून, स्टँडवर, हँडल पूर्ण लॉक होईपर्यंत फिरवून बघा, चालवताना आपण त्याच्या बरंच अलीकडं थांबत होतो हे दिसेल.

इथला इलाज म्हणजे वळणात रेसला हातच लावायचा नाही. वळायच्या आधी, हँडल सरळ असतानाच, रेस थोडी वर आणून तिथंच धरा, आयडलपेक्षा जरा जास्त, इंजिनचा आवाज एकसारखा राहील एवढी. मग स्पीडचं सगळं काम डाव्या हातानं हाफ क्लचवर आणि उजव्या पायानं मागच्या ब्रेकवर. ब्रेक हलका लागलेलाच ठेवायचा, क्लचनं गाडी ओढायची, दोन्हीच्या मधे गाडी ताणलेली राहते आणि झटके जातात. गाडीला रेन मोड असला तर शहरात तो लावून टाका, रेस मऊ होते, त्यात कमीपणा काही नाही. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा म्हणजे अंगाचं वजन मनगटावर येणार नाही, मनगटावर वजन असलं की हँडल मोकळं फिरत नाही. ब्रेक-क्लचचे लिव्हर फार वर फिरवलेले असले तर बोटं फेअरिंगला, म्हणजे पुढच्या कव्हरला लागतात, जरा खाली घ्या.

क्लच जळेल का म्हणून सगळे घाबरतात. बहुतेक बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, दहा-पंधरा सेकंदाच्या यू टर्ननं त्याला काही होत नाही. पण भर उन्हात सलग तासभर प्रॅक्टिस करू नका, तेल तापतं, पकड बदलते, आणि लिक्विड कूल गाडीचा फॅन पायावर जी गरम हवा सोडतो त्यात तुमचंच डोकं आधी तापेल.

रस्त्याचा उतार लोक विसरतात. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते. यू टर्न घेताना आधी चढ, मग मधला उंचवटा, मग पलीकडं उतार, म्हणजे वळणाच्या मधेच गाडी अचानक हलकी होते आणि वेग घेते. उंचवटा ओलांडताना मागचा ब्रेक किंचित वाढवा. आणि थांबताना उताराच्या बाजूचा पाय टाकू नका, जमीन तिथं दोन-तीन इंच खाली असते. क्रूझरला चालून जातं, उंच सीटच्या गाडीला तेवढ्यातच खेळ खलास. मधला मारुती भागातल्या गल्ल्यांत कडेच्या गटाराच्या झाकणांजवळ हे सारखं घडतं. साखर कारखान्यांचा सीझन असला तर वळणावर सांडलेला ऊस आणि चिपाडं पण बघत जा, त्यावर पाय टेकला की पायच सरकतो.

डबल सीट असताना त्रास वाढतो असं असेल तर मागचा सस्पेन्शन बघा. मागं वजन आलं की मागची बाजू बसते, फोर्क आणखी तिरका होतो, म्हणजे क्रूझर आणखी क्रूझर झाली. प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा ताण, एक-दोन खाचा वाढवा, मिटिऑर ३५० ला सहा खाचा दिलेल्या आहेत, कंपनीतून आल्यापासून कुणी हात लावलेला नसतो. बऱ्याच मोठ्या स्पोर्ट टूररला हातानं फिरवायचा नॉबच असतो. टॉप बॉक्समध्ये जड सामान भरू नका, उंचावर आणि मागं, दोन्ही वाईट, जड वस्तू बाजूच्या बॅगेत. आणि मागं बसणाऱ्याला सांगा की वळताना खाली वाकून बघायचं नाही.

प्रॅक्टिस कुठं करायची, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा रिकामा रस्ता, सकाळी लवकर, लोक चहाला यायच्या आत. दुपदरी रस्ता साधारण ७ मीटरचा असतो, खरं गणित तेवढ्यात वळायचं. सुरुवात १० मीटरपासून करा, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठेवा, विटा नको. नजर बाटलीवर नाही, जिथून बाहेर पडायचं तिथं, मान खांद्यावरून पूर्ण मागं वळली पाहिजे. पुढच्या चाकाकडं बघितलं की गाडी तिथंच जाते, हे दोन्ही जातीच्या गाड्यांना सारखंच लागू. आधी नुसतं सरळ रेषेत, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, पाय वर ठेवून पन्नास मीटर जायला शिका. हे जमलं की कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रोडवर गर्दी लागो नाहीतर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात पार्क चौक तुंबो, पाय टाकत टाकत जावं लागत नाही. उजवे गोल डाव्यापेक्षा दुप्पट करा, आपल्याला लागणारे तेच आहेत.

आणि एवढं करून गाडी नेहमी एकाच बाजूला ओढत असेल, डावीकडं सोपी आणि उजवीकडं अवघड किंवा उलट, हात सैल सोडला तरी एकीकडंच जात असेल, तर ते चालवण्याचं नाही. गाडी कधी पडलेली असली तर फोर्क क्लॅम्पमध्ये पिळला गेलेला असतो किंवा मागचं चाक चेन ताणताना तिरकं बसवलेलं असतं. स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूच्या खुणा जुळतात का ते घरीच बघता येतं. फोर्कचं मात्र चांगल्या मेकॅनिककडं नेऊन, क्लॅम्प ढिले करून, सरळ करून परत आवळून घ्या, आणि पुढचा अ‍ॅक्सल सरळ आहे का तेही त्याच वेळी बघायला सांगा.